खोडता येईल अशी नोंद

आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडलेली एखादी जुनी चेतक समोर उभी आहे आणि ती कोणत्या सालची, असा प्रश्न निघाला, तर उत्तरं चार मिळतात. आरसी बुकात एक साल असतं. मालक वडिलांच्या आठवणीवरून दुसरं सांगतो. मिस्त्री हँडल, हेडलाइट आणि मागचा दिवा बघून तिसरं सांगतो. आणि चॅसीवर ठोकलेला नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचला की चौथं निघतं. यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. गाडी कारखान्यातून निघते एका दिवशी, तिचं पासिंग होतं दुसऱ्या दिवशी. डिसेंबरातली गाडी जानेवारीत पास झाली की कागदावर साल बदललं. हेडलाइट मधल्या काळात कधीतरी फुटलेला असतो. वडिलांना आठवतं ते लग्नाचं साल, आणि गाडी त्याच्या मागेपुढे आलेली असते.

ही पुस्तिका ती चार उत्तरं एका पानावर आणण्याबद्दल आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात तयार झालेल्या जुन्या गाड्या जपणाऱ्यांनी मिळून ऑनलाइन नोंदसंग्रह कसा उभारावा, तो कोणी सांभाळावा, त्यातलं काय खरं मानावं आणि अशा संग्रहाचं मोल कशावर ठरवावं, हा तिचा विषय. संगणकाचा भाग तिच्यात थोडाच आहे, आणि ते बरंच झालं. सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं. एका मडगार्डावरून दोन जाणकारांमध्ये सुरू झालेलं भांडण मिटवण्याची रीत मात्र बाजारात मिळत नाही.

असा संग्रह याच पट्ट्यात व्हावा, याला कारण आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, १९६६ च्या सुमारास टेल्कोने (पुढची टाटा मोटर्स) पिंपरीत पाय रोवले. बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो आकुर्डीत शेजारी शेजारी वाढल्या. १९७० मध्ये इथे नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे चाकण आलं: बजाजचा कारखाना, मग २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, त्यानंतर महिंद्र. मर्सिडीज चाकणला जाण्याआधी, १९९५ पासून, टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात जुळत होती, हे आज तिथून रोज जाणाऱ्यांनाही सांगावं लागतं. गाडी जपणारे लोक जगात सगळीकडे आहेत. पण जपणारा आणि बनवणारा एकाच सोसायटीत, एकाच जिन्यावर राहतात अशी गावं थोडी. निगडी, प्राधिकरण, शाहूनगर इथल्या बाकांवर संध्याकाळी बसणाऱ्यांपैकी कोण प्रेसशॉपमध्ये होता, कोण पेंटशॉपमध्ये, कोण इन्स्पेक्शनला, हे विचारलं तर लगेच कळतं.

पुस्तिकेतलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण या निवृत्त कामगारांच्या सांगण्याची नोंद कशी करावी, याबद्दल आहे. ‘मी कंपनीत होतो’ हे वाक्य संग्राहकांच्या वादात शेवटचा शब्द म्हणून वापरलं जातं. पण कंपनी मोठी होती. पेंटशॉपमधल्या माणसाने रंगाबद्दल जे सांगितलं ते सोन्यासारखं. त्याच माणसाने कार्ब्युरेटरबद्दल सांगितलं तर ते चहाच्या टपरीवर ऐकलेलं असू शकतं. म्हणून सांगणाऱ्याचं नाव टाळून त्याचा विभाग आणि तिथली वर्षं नोंदीत यावीत, असं पुस्तिका सुचवते: पेंटशॉप, अमुक ते अमुक साल. इतक्याने वाचकाला सांगण्याचं वजन कळतं, आणि सांगणाऱ्यालाही आपल्या माहितीच्या बाहेर जाऊन ठासून बोलावंसं वाटत नाही.

स्कूटरचाच धागा जरा पुढे नेतो, कारण संग्रहातला सगळ्यात दाट भाग तिचाच असणार. बजाज ऑटोचं मूळ रूप असलेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४५ मध्ये स्थापन झाली आणि १९४८ पासून बाहेरून आणलेल्या दुचाकी-तीनचाकी विकू लागली. उत्पादनाचा परवाना मिळाला १९५९ मध्ये. मग इटलीच्या पियाजिओशी करार, आणि बजाज १५०. तो करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये चेतक आली, १९७६ मध्ये सुपर. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया निघू लागली, १९८५ मध्ये वाळूजचा कारखाना सुरू झाला. म्हणजे जुनी बजाज दिसली की ती आकुर्डीचीच, असं गृहीत धरता येत नाही. चेतक आणि सुपर लांबून सारख्या दिसतात; चाकं बघितली की उलगडा होतो, चेतकची दहा इंची, सुपरची आठ इंची. पण पन्नास वर्षांत कोणत्या गाडीला कोणाची डिकी, कोणाचं हँडल आणि कोणाचं इंजिन बसलं याला गणती नाही. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर मिळालेली ती गाडी होती. ती बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, आणि मूळ पार्टसाठी थांबायला कुणाला वेळ नव्हता. मिस्त्रीने जे हाताशी होतं ते बसवलं. संग्राहक आज त्याला ‘ओरिजिनल नाही’ म्हणून नाक मुरडतो, हे मला थोडं अन्यायाचं वाटतं. ती दुरुस्ती हाही त्या गाडीच्या आयुष्याचाच भाग आहे, आणि नोंदीत तिला स्वतंत्र रकाना हवा.

त्यात २०१९ मध्ये बजाजने चेतक हेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिलं. कंपनीच्या दृष्टीने ते हुशारीचं होतं. नोंदसंग्रह चालवणाऱ्याच्या डोक्याला मात्र त्याने ताप दिला, कारण शोध घेताना पेट्रोलची दोन-स्ट्रोक गाडी आणि बॅटरीची गाडी एकाच नावाखाली येतात. नावावरून वर्गीकरण करू नये, हे सूत्र पुस्तिकेत आहे ते उगाच नाही.

‘ओरिजिनल’ या गोष्टीला हौसेपलीकडे वजन आलं ते जुलै २०२१ मध्ये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत बदल करून विंटेज गाड्यांच्या नोंदणीची वेगळी सोय केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते; अट अशी की तिची चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. नंबरात राज्याच्या खुणेनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. १९७२ ची पहिली चेतक २०२२ मध्ये या वयात आली. १९७६ ची सुपरही आता आली आहे. पुढची काही वर्षं दर महिन्याला इथल्या गाड्या पन्नाशी ओलांडत राहणार, आणि फेरबदल झालेला नाही हे मालकाला दाखवून द्यावं लागणार. कशाच्या आधारे? त्या सालची गाडी मुळात कशी होती, हे कुठेतरी लिहिलेलं असेल तरच.

ते लिहिलेलं सापडतं, पण विखुरलेलं. जुन्या पार्ट-कॅटलॉगात, नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांच्या फळ्यांवर, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, घरच्या अल्बममध्ये. अल्बमांकडे आपण पुरेसं पाहत नाही. नवी गाडी आली की हार घालून, नारळ फोडून, अख्ख्या घराने तिच्याभोवती उभं राहून फोटो काढायची पद्धत होती. त्या फोटोत आजोबा असतात, रुसलेला भाऊ असतो, आणि पहिल्या दिवसाची गाडीही असते. दिव्याची कड, सीटचा आकार, आरसा होता की नाही, सगळं त्यात दिसतं. बहुतेक घरांत असे फोटो बायकांनी सांभाळले. गाडी आवडणारे पुरुष गाडीबद्दल बोलत राहिले. कागद आणि फोटो कपाटातल्या बॅगेत राहिले. नोंदसंग्रहाला मदत मागायची तर ती त्या बॅगेपर्यंत पोचली पाहिजे.

आणि भंगार. चिखलीजवळच्या कुदळवाडीत वर्षानुवर्षं भंगाराची गोदामं होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामं पाडली. ती कारवाई योग्य की अयोग्य, हा या प्रस्तावनेचा विषय नाही. पण ज्यांना जुना पत्रा ओळखता येत होता अशी माणसं त्या गोदामांत होती, आणि गोदाम उठलं की ती माणसं विखुरतात. कारखान्याच्या कागदांना कुलूप असतं, भंगारवाल्याच्या ज्ञानाला कागदच नसतो. दोहोंच्या मधली जागा संग्राहकांनी भरायची आहे.

मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली; टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर तिचे मानद सचिव होते. संस्थेचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक हौशी लोकांच्या श्रमांवर चाललं आणि त्याचे अंक पुढे शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत वाचायला मिळू लागले. ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांचाही खरा आधार लेबलावरचं नाव नसतो. लेबल आणि शेवटची चरी यांच्या मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर ते वाचतात. लेबल छापताना चूक होते, नाव बदलतं, एकच गाणं दोनदा गायलेलं असतं. मॅट्रिक्स नंबरावरून ते सापडतं. चॅसी नंबराचं काम अगदी तेच. ऑस्ट्रेलियातले मायकेल किनियर यांनी भारतीय ध्वनिमुद्रिकांच्या ज्या सूच्या केल्या, किंवा कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचा जो कोश केला, त्यांच्यामागे देशभरच्या संग्राहकांची पत्रं होती. ऑनलाइन व्हायच्या आधीही हे काम सामुदायिकच होतं. फक्त पोस्टमन मधे होता.

ऑनलाइन आल्यावर मालकीचा प्रश्न आला, आणि इथे एक परदेशातली हकीकत नीट सांगण्यासारखी आहे. नव्वदच्या दशकात संगणकात ऑडिओ सीडी घातली की पडद्यावर गाण्यांची नावं उमटत. ती नावं बहुतेक सीडींवर नसायचीच. कुठल्या तरी देशात कुणीतरी हौसेने टंकून पाठवलेली असायची, आणि टी कान व स्टीव्ह शर्फ यांनी उभ्या केलेल्या सीडीडीबी या नोंदसंग्रहातून ती येत. लाखो नोंदी अशा फुकट जमल्या. १९९८ मध्ये संग्रह एका कंपनीला विकला गेला, त्याचं नाव ग्रेसनोट झालं, त्याच्या वापरावर अटी आल्या. २००८ मध्ये सोनीने ग्रेसनोट सुमारे २६ कोटी डॉलरना घेतली. ज्यांनी नावं टंकली होती त्यांना त्यातलं काही मिळालं नाही. मिळणारही नव्हतं, कारण सुरुवातीला कुणी काही ठरवलंच नव्हतं. चिडलेल्या काहींनी फ्रीडीबी नावाचा वेगळा संग्रह चालवला, तो २०२० मध्ये बंद पडला. रॉबर्ट केय यांनी म्युझिकब्रेन्झ सुरू केलं, २००४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था काढली आणि मूळ माहिती सर्वांसाठी खुली ठेवली. ते आजही चालू आहे. विकणाऱ्यांनी बेइमानी केली, असं मी म्हणणार नाही. संग्रहाला काडीची किंमत नसते तेव्हा त्याच्या मालकीबद्दल बोलणं हास्यास्पद वाटतं, आणि किंमत आल्यावर बोलायला गेलं तर उशीर झालेला असतो. मालकीचा करार पहिल्या शंभर नोंदींच्या आत व्हावा, हे पुस्तिकेचं म्हणणं मला म्हणूनच पटतं.

आपल्याकडे धोका सोनीचा नाही, त्याहून साधा आहे. संग्रहाचं डोमेन एका उत्साही माणसाच्या नावावर घेतलेलं असतं, पैसे त्याच्या कार्डावरून जातात, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो. तो माणूस परदेशी मुलाकडे गेला, रुसला किंवा वारला की एका वर्षात सगळं बंद. फोटो तर संग्रहात नसतातच. कुणाच्या तरी फोनमध्ये, व्हॉट्सअॅपने दाबून लहान केलेले, चॅसी प्लेटवरचा आकडा वाचता येऊ नये इतके अस्पष्ट. किल्ल्या किमान तिघांकडे असाव्यात, पूर्ण प्रत दर तिमाहीला दुसरीकडे ठेवावी, मूळ आकाराचे फोटो जपावेत, हे नियम कंटाळवाणे आहेत. ते पाळायला कुणीतरी कंटाळवाणा माणूस लागतो, आणि माझा अनुभव असा की गाड्यांच्या मंडळींत तो मुश्किलीने सापडतो. सापडला तर त्याला अध्यक्ष करू नका, काम करू द्या.

आता संग्रहाचं मोल. किती नोंदी आहेत हे विचारणारे पुष्कळ भेटतात. मी उलटं विचारतो: गेल्या वर्षी किती नोंदी बदलल्या, आणि का बदलल्या ते दिसतं का? ज्या संग्रहात वर्षभरात एकही चूक सापडली नाही तो कुणी वाचतच नाही असं समजावं. दुरुस्ती करताना जुना मजकूर पुसून टाकायचा नाही. तो खोडून, वाचता येईल असा शेजारी ठेवायचा, आणि कशावरून खोडला ते लिहायचं. पार्ट-कॅटलॉगातलं चित्र, अल्बममधला फोटो, पेन्सिल प्रिंट की कुणाचं तरी सांगणं, हा आधार प्रत्येक विधानाला चिकटलेला असावा. पेन्सिल प्रिंटचं उदाहरण मुद्दाम घेतो: आरटीओच्या फॉर्मसाठी चॅसी नंबरावर कागद ठेवून, पेन्सिल घासून त्याचा छाप उमटवतात. हाताने लिहिलेला नंबर चुकू शकतो. छाप चुकत नाही, आणि आकडे मागाहून ठोकले असतील तर त्यांची ओळही वाकडी दिसते.

किमतीच्या रकान्याबद्दल पुस्तिकेचे संपादक आणि मी यांचं जमलेलं नाही. विक्रीच्या किमतीही नोंदवाव्यात, असं त्यांचं मत आहे. मला भीती आहे ती गोल फिरण्याची. कुणीतरी जाहिरातीत मागितलेला आकडा संग्रहात येतो. पुढचा विक्रेता संग्रहाचा दाखला देऊन त्यावर थोडं चढवतो. तो आकडाही संग्रहात येतो. दोन वर्षांत गाडी तीच, भाव दुप्पट, आणि व्यवहार एकही झालेला नाही. मागितलेली किंमत कधीच नोंदवू नये, झालेल्या व्यवहाराची नोंदवायची तर तारीख आणि गाडीच्या अवस्थेसकट, एवढ्यावर आमची तडजोड झाली. विम्यासाठी आकडा लागतो हे खरं. पाच वर्षांवरच्या गाडीचं विमामूल्य कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचं असतं, आणि तिथे मालकाच्या हातात काहीतरी आधार हवा. पण तो आधार गाडी किती मूळ आहे याचा असावा. भावाचं काम बाजाराने करावं.

संपूर्ण चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि गाडीचा नंबर उघड्यावर टाकू नयेत. चोरीच्या गाडीला खरे कागद चिकटवणाऱ्यांना तेवढंच हवं असतं. शेवटचे काही आकडे झाकावेत, पूर्ण नंबर संपादकांपाशी ठेवावेत. मालकाचं नाव आणि पत्ता तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर संमतीशिवाय ठेवण्याचा विचारही करू नये. याबद्दल पुस्तिकेत दोनच पानं आहेत. चार हवी होती.

विषय स्कूटरकडे झुकला आहे, हे वाचकाच्या लक्षात येईल. बजाज टेम्पोची तीनचाकी हॅन्सिट, १९६९ पासूनची मॅटाडोर, टेल्कोची १९९१ ची सिएरा आणि तिच्या मागच्या काचा, यांच्याबद्दलचा मजकूर अजून विरळ आहे. मॅटाडोरचं प्रकरण सगळ्यात अवघड जाणार. तिच्या मागच्या भागाचं काम बऱ्याचदा बाहेरच्या बॉडीबिल्डरने केलेलं असे: कधी शाळेची व्हॅन, कधी रुग्णवाहिका, कधी दुधाची गाडी. त्या कामाचं बिल सापडलं तर ते पाठवा, मग ते उंदराने कुरतडलेलं असलं तरी चालेल. आणि अशी एखादी गाडी हाती लागलीच, तर डेंटिंग-पेंटिंगला देण्याआधी, धुण्याच्याही आधी, चारही बाजूंनी, आतून आणि खालून फोटो काढा. जुन्या रंगाचे थर, पत्र्यावरचं अर्धवट पुसलेलं नाव, दाराच्या आतलं कंपनीचं स्टिकर हे सगळं सॅंडपेपरच्या पहिल्या हातासरशी जातं.